एकाच कडेची वजाबाकी

आमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत जे सहायक होते, त्यांना सगळे मामा म्हणत. मीही मामाच म्हणायचे. मी पीएचडीला लागले तेव्हा त्यांच्या नोकरीची पाच-सहा वर्षं उरली असतील. ते हर्सूलला राहायचे, जेलच्या पुढच्या वस्तीत. मी फुलंब्रीहून एसटीनं यायचे, त्यामुळे सकाळी हर्सूलच्या थांब्यावर पुष्कळदा ते माझ्याच गाडीत चढत. माझ्या शेजारची जागा रिकामी असली तरी तिथं बसत नसत. पुढं जाऊन दांडीला धरून उभे राहत, आणि कॉलेजपाशी उतरल्यावर मग दोन पावलं मागून चालत बोलायला लागत. तेव्हा मला वाटायचं, स्वभावच तसा आहे त्यांचा. आता तसं वाटत नाही.

माझा विषय होता अँटेनांचं गणिती प्रारूप. मोबाइलमध्ये किंवा घरातल्या वायफायच्या डबीत जी अँटेना असते, ती म्हणजे बहुतेक वेळा पातळ बोर्डावरचा तांब्याचा एक चौकोनी तुकडा असतो. तो किती लांब आणि किती रुंद ठेवला म्हणजे हव्या त्या फ्रिक्वेन्सीला नेमका काम करील, हे आधी कागदावर गणितानं काढायचं. मग ती अँटेना खरोखर बनवायची, मोजायची, आणि आपलं गणित खरं निघालं का ते बघायचं. यासाठी विकत मिळणारं सॉफ्टवेअर असतं. आमच्या विभागातल्या सॉफ्टवेअरची मुदत संपलेली होती. म्हणून, आणि थोडं मिजाशीपायीही, मी स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. सूत्रं मी बसवलेली, आकडे मी काढलेले. मार्गदर्शक सरांना त्याचं फार कौतुक होतं. विभागात कुणी पाहुणे आले की ते मला बोलावून तो प्रोग्रॅम चालवून दाखवायला लावत.

बनवायचं काम मामांचं. मी दिलेला नकाशा ते बोर्डावर उतरवत, मग बोर्ड फेरिक क्लोराइडच्या पाण्यात टाकून प्लास्टिकचा ट्रे हळूहळू हलवत राहत. नको असलेलं तांबं त्या पाण्यात विरघळून जातं, यालाच एचिंग म्हणतात. लवकर काढलं तर तांबं शिल्लक राहतं, उशीर झाला तर कडा खाल्ल्या जातात. मामा घड्याळाकडं बघत नसत. पाण्याच्या रंगाकडं बघत. त्यांची नखं कायमची पिवळट-तपकिरी झालेली होती. बोर्ड धुऊन पुसून झाला की व्हर्नियरनं चारही बाजू मोजून ते माप आपल्या वहीत लिहीत आणि मग माझ्या टेबलावर आणून ठेवत. घरी संध्याकाळी ते वस्तीतल्या लोकांचे रेडिओ, टीव्ही, मिक्सर दुरुस्त करून देत. हात बसलेला होता त्यांचा.

पहिली अँटेना आम्ही मोजणीच्या यंत्राला लावली. पडद्यावर जी रेघ येते तिच्यात एक खड्डा दिसायला हवा, आणि तो हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर हवा. खड्डा आला, छान खोल आला, पण डावीकडं सरकून. म्हणजे अँटेना हवी त्यापेक्षा थोड्या कमी फ्रिक्वेन्सीला काम करत होती. मामांनी दुसरी बनवली. तिचाही खड्डा तिथंच. तिसरीचाही तिथंच.

तिसरीच्या वेळी मामांनी व्हर्नियर माझ्यासमोर धरून दाखवला. म्हणाले, "मॅडम, माप तुमच्या कागदापरमाणंच हाय. तुमी एकदा तुमचं गणित बघता का?"

मला राग आला. दहावीनंतर आयटीआय केलेला माणूस मला गणित बघायला सांगत होता, हे मला लागलं. मी शांतपणे बोलले, पण त्या शांतपणात काय होतं ते मला माहीत आहे. मी म्हणाले की गणित बरोबर आहे, कॉम्प्युटरनं तपासलंय. ते "व्हय" म्हणाले आणि ट्रे धुवायला गेले.

कॉम्प्युटरनं काही तपासलेलं नव्हतं. अँटेनेची लांबी माझ्याच प्रोग्रॅमनं काढली होती आणि त्या लांबीला अँटेना कशी चालेल हेही माझ्याच प्रोग्रॅमनं सांगितलं होतं. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा आणि आपणच तपासायचा, असला तो प्रकार होता. पण हे मला नंतर कळलं.

सहामाही अहवालाची तारीख जवळ आली तेव्हा सरांनी विचारलं की मोजणी का जुळत नाही. मी म्हणाले, "एचिंगमध्ये काहीतरी होतंय, सर. कडा नीट येत नसाव्यात." मी कडा भिंगाखाली पाहिल्या नव्हत्या. तोंडातून निघून गेलं, असंही म्हणता येणार नाही. आदल्या संध्याकाळपासून मी हेच उत्तर तयार ठेवलं होतं.

सरांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं. आत मी होते, आणि एमटेकच्या चार मुली बसलेल्या होत्या. सरांनी त्यांच्यासमोरच मामांना वय विचारलं, डोळे शेवटचे कधी तपासले ते विचारलं. मामांनी वही पुढं केली. सरांनी ती उघडली नाही. मामा म्हणाले की मापं सगळी लिहिलेली आहेत, साहेबांनी एकदा नजर टाकावी. सर म्हणाले की वहीत काय, काहीही लिहिता येतं. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी सरांच्या कॉम्प्युटरवर उघडलेल्या त्या रेघेकडं पाहत होते.

ते बाहेर गेल्यावर सर म्हणाले, "या लोकांकडून आपण जास्त अपेक्षा ठेवतो, तिथंच चुकतं आपलं."

या लोकांकडून म्हणजे कुणाकडून, हे त्या केबिनमध्ये कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. हर्सूलच्या थांब्यावर भेटलेले लोक मामांना "जय भीम" म्हणून निरोप देत, ते मी रोज ऐकत होते. सरांचं आडनाव आणि माझं आडनाव एकाच तऱ्हेचं. आमच्या घरीही जेवताना अशी वाक्यं बोलली जात, आणि कुणी त्यावर थांबत नसे. मी नुसती गप्प राहिले असते तरी आज मला थोडी जागा राहिली असती. मी मान हलवली.

पुढच्या महिन्यात मामांना कामात हयगय केल्याचं ज्ञापन मिळालं, आणि त्यानंतर त्यांची बदली परीक्षा विभागाच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. काम काय, तर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुतळीनं बांधायचे आणि रॅकवर चढवायचे. प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्यांच्याकडून काढून घेतल्या. त्यांनी त्या माझ्याच टेबलावर आणून ठेवल्या, कारण सर त्या दिवशी रजेवर होते.

चूक मला दोनेक महिन्यांनी सापडली. प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहायला घेतलं होतं. त्यात सगळी सूत्रं पहिल्यापासून मांडून दाखवावी लागतात, म्हणून फुलंब्रीच्या घरी दुपारी मी ती हातानं लिहीत बसले होते. तांब्याचा तुकडा जिथं संपतो तिथंच विद्युतक्षेत्र संपत नाही. ते कडेच्या बाहेर थोडं सांडतं. त्यामुळे अँटेना आहे त्यापेक्षा जराशी लांब असल्यासारखी वागते, म्हणून तुकडा तेवढा आखूड कापावा लागतो. आणि तुकड्याला कडा दोन असतात. एका बाजूनं सांडतं तसं दुसऱ्या बाजूनंही सांडतं, म्हणून ती लांबी दोनदा वजा करायची. मी कागदावर दोन लिहिलं आणि हात थांबला. प्रोग्रॅम उघडून पाहिला. त्यात मी एकदाच वजा केली होती.

मिलिमीटरपेक्षाही कमी फरक होता. मी प्रोग्रॅममध्ये तो दोन घातला आणि मामांनी बनवलेल्या अँटेनेची लांबी त्याला दिली. खड्डा बरोबर तिथं आला जिथं मामांच्या तिन्ही अँटेनांनी तो दाखवला होता. केसभरही इकडं-तिकडं नाही. म्हणजे त्यांनी तिन्ही वेळा मी मागितलं तेच, तंतोतंत, बनवून दिलं होतं. आई आतून जेवायला बोलावत होती. मी प्रोग्रॅम पुन्हा एकदा चालवला.

दुसऱ्या दिवशी सांगून टाकायचं ठरवूनच मी गाडीत बसले. हर्सूलला मामा चढले, नेहमीसारखे पुढं जाऊन उभे राहिले. उतरल्यावर मी झपाझप पुढं निघाले. मनाशी म्हटलं, आधी सरांना सांगू, मग त्यांना. सरांच्या केबिनमध्ये गेले तर माझं तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले की आता बोर्ड पुण्याहून करून घेऊ, बोलणं झालंय, तू फक्त नकाशा पाठव. मी म्हणाले, "हो सर. मापांत थोडी सुधारणाही केलीय मी." सर म्हणाले, छान.

सुधारणा. हाच शब्द वापरला मी.

पुण्याहून बोर्ड आला आणि पहिल्याच मोजणीत खड्डा जागेवर बसला. येणारच होता. तोच नकाशा मामांना दिला असता तर त्यांच्या ट्रेमधूनही तेच निघालं असतं. पण सरांनी तो बोर्ड विभागात सगळ्यांना हातात घेऊन बघायला दिला. म्हणाले, बघा, काम कसं असतं. जे लोक तोवर म्हणत होते की मामांच्या हातून असं व्हायचं नाही, तेही मग काही बोलेनासे झाले. मी चूक गुपचूप दुरुस्त केली आणि त्या दुरुस्तीनंच मामांवरचा आळ पक्का झाला. हे मला त्याच वेळी, बोर्ड हातोहात फिरत असतानाच, कळत होतं.

पदवी मिळाल्यावर मी सगळ्या कार्यालयांत पेढे वाटले. रेकॉर्ड रूम टाळता आली असती, पण टाळलेलं दिसलं असतं, म्हणून गेले. मामा गठ्ठ्याला गाठ मारत होते. हात पुसून त्यांनी पेढा घेतला. चांगलं झालं म्हणाले. मग विचारलं, "मंग, चुकत कुठं होतं शेवटी?"

मी म्हणाले, "बोर्डाचं कामच नीट नव्हतं ते, मामा."

"मंजी माझंच एचिंग," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरंच समजून घेत होते. "वय झालं की आपल्याला कळत नाय. दुसऱ्यालाच दिसतं."

मी तिथून निघाले. सरांच्या केबिनमध्ये त्या दिवशी मी घाबरलेली होते, करिअरचं ओझं होतं, असं काहीबाही सांगता येईल. रेकॉर्ड रूममध्ये मला कुणाचीच भीती नव्हती. पदवी हातात होती. त्या माणसानं सरळ विचारलं होतं आणि मी सरळ खोटं बोलले. प्रबंधाच्या आभारात मी 'प्रयोगशाळेतील सर्व कर्मचारी' असं लिहिलं आहे. तो प्रबंध अजून ग्रंथालयात आहे.

मला शहरातच दुसऱ्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. एसटी चालूच राहिली. हर्सूल आलं की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागायचे. पुढं मामा निवृत्त झाले आणि थांब्यावर दिसेनासे झाले. मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं की मला बरं वाटलं.

असं किती वर्षं चाललं असतं कुणास ठाऊक. झालं असं की मागच्या उन्हाळ्यात बाबांचा जुना रेडिओ बंद पडला. बाबा शेतावर रेडिओ ऐकतात, मोबाइलची त्यांना गोडी नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं की हर्सूलला एक कारागीर आहेत, तुमच्या लेकीच्या कॉलेजात होते. बाबा रेडिओ घेऊन गेले आणि तसाच परत घेऊन आले. जेवताना सांगायला लागले की लई भला माणूस, बसवलं, पाणी दिलं, पण काम घ्यायला तयार नाही. म्हणाला, आता हात बसत नाही, कॉलेजात असतानाच चुका व्हायला लागल्या होत्या, लोकांच्या वस्तू बिघडवायला नको म्हणून सोडून दिलं.

बाबांनी मला विचारलं की तू ओळखत असशील त्यांना. मी हो म्हणाले.

मला आजवर वाटत होतं की मी त्यांची जागा हिरावली, मान हिरावला. त्यांनी माझं खोटं घरी नेऊन ते खरं मानलं असेल, आणि त्यापायी ट्रे, सोल्डर, स्क्रू-ड्रायव्हर सगळं बाजूला ठेवलं असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. मामा ओट्यावर पेपर वाचत होते. मला ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला. मामींनी खुर्ची दिली, चहा ठेवला. मी काय बोलायचं ते पाठ करून आले होते, पण त्यातलं काही आठवेना. शेवटी पिशवीतून वही काढली, तांब्याचा चौकोन काढला, दोन्ही कडांना बाण काढले आणि सांगितलं की इथून थोडं वजा करायचं असतं आणि इथूनही. मी एकीकडूनच केलं होतं. तुमच्या तिन्ही अँटेना बरोबर होत्या.

त्यांनी वही हातात घेतली. बराच वेळ त्या चौकोनाकडं पाहिलं. मग विचारलं की हे मला कधी कळलं. मी सांगितलं, बोर्ड पुण्याहून यायच्या आधी.

"पेढे द्यायला आलता तवा माहीत होतं?"

"हो."

मामी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या. मी म्हणाले की मामा, मला माफ करा. ते म्हणाले, "ते मागून बघू. आधी लिवून द्या. साहेबाला बी सांगा, हापिसात बी द्या."

सरांना मी फोन केला. त्यांचं म्हणणं पडलं की आता उकरून काय मिळणार, माणूस निवृत्त झाला, पेन्शन चालू आहे, आणि प्रबंधातले निष्कर्ष तर बरोबरच आहेत. शेवटी म्हणाले की लिहायचंच असेल तर माझं नाव कशात आणू नकोस. त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतलेला नाही.

पत्राचा मसुदा मी आधी मामांना दाखवायला नेला. त्यांनी मला मोठ्यानं वाचायला सांगितलं आणि मामींना बोलावून शेजारी बसवलं. मी वाचत गेले. 'माझ्या गणितातील त्रुटीमुळे व त्यातून निर्माण झालेल्या गैरसमजामुळे' इथवर आले आणि त्यांनी हात वर केला.

"गैरसमज कुणाचा?" त्यांनी विचारलं.

मी कागदावरची ती ओळ पुन्हा पाहिली.

"साहेबाला तुमी सांगितलं. तुमाला मागून खरं कळलं. मंग गैरसमज कुणाचाच नाय. माझा एकट्याचा झाला, तो बी तुमी करून दिला. ते काढा." ते हळूच बोलत होते, एकेक शब्द ठेवल्यासारखा. "आन् तीन अँटेना लिवा. नुसतं काम बरोबर होतं म्हणू नका. तिन्ही बरोबर होत्या."

मी तिथंच बसून पत्र पुन्हा लिहिलं. 'चूक माझी असल्याचे मला समजले असूनही मी ती दडवली' हे वाक्य लिहिताना माझं अक्षर बिघडलं, मग तो कागद टाकून दुसरा घेतला. मला कळलं की मसुद्यातला प्रत्येक गुळगुळीत शब्द मी मामांसाठी नाही, माझ्यासाठी निवडला होता. एवढी वर्षं गेली, कबुली द्यायला बसले, तरी माझा हात स्वतःला वाचवायलाच धावला होता.

विभागानं पत्र घेतलं, आवकचा शिक्का मारला, आणि काही दिवसांनी नोंद घेतल्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. पत्राची एक प्रत मामांच्या सेवापुस्तिकेला जोडली असं कार्यालयातल्या कारकुनांनी सांगितलं. दुसरी मी मामांना नेऊन दिली. ती त्यांनी दोनदा वाचली, घडी करून मामींच्या हातात दिली. मी विचारलं की आता पुन्हा रेडिओचं काम सुरू कराल का. ते म्हणाले, "नाय. सवय मोडली ती मोडली." माफीचं त्यांनी काढलं नाही. मीही पुन्हा मागितली नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी विचारलं की हर्सूलला तुझं सारखं काय काम असतं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, सरांचं ते वाक्यही सांगितलं, माझं मान हलवणंही. बाबा खाली बघून ऐकत होते. मग म्हणाले, "चहा घेतलास का त्यांच्याकडं?"

आमच्या घरात हा प्रश्न 'त्यांच्या हातचं चाललं का' अशा अर्थानं विचारला जातो, ते ऐकतच मी मोठी झाले. मी तुटकपणे सांगितलं की पहिल्या दिवशी दिला होता, घेतला. नंतर दोन्ही वेळा त्यांनी विचारलं नाही.

बाबा म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. मी बी विचारला नसता."